एक कलम सोडून

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या डोक्यात जाणारी माणसं पुष्कळ आहेत, पण आमच्या दाजींची सर कुणालाच नाही. भिंगारला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर तऱ्हेतऱ्हेचे नमुने समोर येतात. आधार कार्ड उलटं ठेवून ‘झेरॉक्स कोरीच आली’ म्हणून भांडणारे येतात, पेन्शनच्या फॉर्मवर भावाचा फोटो चिकटवून आणणारे येतात, कॅन्टोन्मेंटमधले अर्ज स्वतःच्या हातानं फाडून ‘आता जोडून द्या’ म्हणणारेही येतात. त्यांना मी दुकानाचं शटर ओढलं की विसरतो. दाजींचा राग मात्र उशाशी घेऊन झोपतो आणि सकाळी तो माझ्या आधी उठून बसलेला असतो. बरं, माणूस वाईट असता तरी चाललं असतं. तंबाखू नाही, दारू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसावर रागावणं फार जड जातं, कारण चार लोकांत गाऱ्हाणं सांगावं तर ऐकणारा त्यांचीच बाजू घेतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजगावला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी उकलायच्या, जळकी तार काढून नवी भरायची, हा धंदा. हाताला गुण असा की त्यांनी भरलेली मोटार सहसा परत येत नाही. पण हे झालं पोटापुरतं. त्यांचा जीव अडकलाय पाळक होण्यात. आम्ही प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. आमच्यात बिशप नसतो, सगळा कारभार मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, निवडलेल्या वडिलांच्या, म्हणजे जाणत्या कारभाऱ्यांच्या सभेकडे असतो. म्हणजे एका साहेबाशी भांडून भागत नाही, अकरा जणांशी भांडावं लागतं. या सभेपुढे तोंडी परीक्षा दिल्याशिवाय पाळकपणाची दीक्षा मिळत नाही, आणि दीक्षा नसेल तर माणसाचा उपदेश कितीही गोड असो, त्याला बाप्तिस्मा देता येत नाही की प्रभुभोजनाची भाकर मोडता येत नाही. दाजींच्या तिकडची मंडळी वीस-बावीस घरांची. तीन महिन्यांतून एकदा नगरहून पाळकसाहेब येतात, तेही गाडी मिळाली तर. मधले सगळे रविवार दाजी सांभाळतात. यांना दीक्षा मिळाली की आपल्याला आपल्या गावचा पाळक मिळेल, म्हणून सगळी मंडळी डोळे लावून बसली आहे. आणि हे गृहस्थ ओळीनं चौथ्या वर्षी परीक्षेतून तसेच परत आले. नापास होऊन आले असते तर मी एक शब्द बोललो नसतो.

परीक्षेचा मुख्य विषय म्हणजे विश्वासांगीकार. आपला पंथ काय काय मानतो ते कलमवार लिहून ठेवलेला हा जुना विलायती दस्तऐवज. तेहतीस प्रकरणं, प्रकरणात कलमं, कलमाखाली बायबलमधली आधारवचनं. शिवाय तेच सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात, पाठ करण्यासाठी. बाकीचे उमेदवार परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रश्नोत्तरं घोकतात, पास होतात, आणि पुढे जन्मभर त्या पुस्तकाकडे ढुंकून बघत नाहीत. ही शहाण्या माणसांची रीत आहे. दाजी मात्र तो दस्तऐवज जळालेली मोटार उकलावी तसा उकलत बसले. सुरुवातीला टपालानं येणारा अभ्यासक्रम होता, तो त्यांनी पहिल्या वर्गात पुरा केला. तिथं थांबायचं की नाही? पण नाही. कलम कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणाशी भांडून लिहिलं, सगळं त्यांना हवं. पहाटे उठून मोठ्यानं वाचायचे. ताईची शेळी सुद्धा आता ‘देवाचे सार्वकालिक संकल्प’ असा आवाज आला की चारा मागते.

प्रश्नोत्तरांचा तर त्यांच्या जिभेला असा वळसा पडला की साधं बोलणंच विसरले. एकदा मी जेवायला गेलो होतो. ताईनं विचारलं, “भाजीत मीठ बरुबर हाय का?” दाजी घास हातात धरून म्हणाले, “ह्या प्रश्नाचं दोन भाग हायेत.” एक भाग भाजीत किती मीठ पडलंय याचा, आणि दुसरा भाग खाणाऱ्याला किती लागतं याचा. दुसरा भाग संपेपर्यंत भाजी थंड झाली आणि ताई तापली. ती मला म्हणाली, “लग्नात पाळकांनी इचारलं तवा मी व्हय म्हनले. मला वाटलं नवऱ्याशी लगीन लागतंय. ही चोपडी बी संगं यील असं कुनी सांगितलंच न्हाई.” दाजी हसले आणि म्हणाले की विवाहाचं प्रकरण चोविसावं आहे, त्यात चोपडीचा उल्लेख नाही.

दुकानातही तेच. मोटारीच्या पोटात तार भरण्याआधी खाचांमधून इन्सुलेशनचा कागद बसवतात. दाजी तार भरता भरता कलमं पाठ करायचे आणि अडलं की शिसपेन्सिलीनं त्याच कागदाच्या पट्टीवर लिहायचे. मग ती पट्टी जायची मोटारीत, मोटार जायची विहिरीत. एकदा श्रीगोंद्याकडच्या एका मिस्त्रीनं त्यांनी भरलेली मोटार उकलली. वीज पडून जळाली होती, म्हणून दाजींचा दोष नव्हता. आतून पट्टी निघाली आणि तिच्यावर लिहिलेलं, की जगात जे जे घडतं ते देवानं आधीच ठरवलेलं आहे. मिस्त्री घाबरून मोटार मालकाच्या दारात ठेवून पळाला. मालक ती पट्टी घेऊन थेट मिरजगावला आला. दाजींना म्हणाला, “मिस्त्री, मंग माझी मोटार जळनार हे बी ठरल्यालं हुतं का?” दाजी म्हणाले, “व्हय.” “मंग तुमी आतून लिहून का ठिवलं? वरनं लिवायचं हुतं की, म्या विहिरीत सोडलीच नसती.”

त्यांचा रविवार हा तर वेगळाच ताप. विश्वासांगीकाराप्रमाणे रविवारी काम वर्ज्य, मात्र गरजेची आणि दयेची कामं चालतात. एका उन्हाळ्यात एक कांदेवाला भर रविवारी मोटार घेऊन आला. दाजींनी त्याला बाकड्यावर बसवलं आणि मोटार ही गरज होते की दया, याचा तासभर शोध घेतला. कांदा हा गरजेत बसेना. शेवटी त्याच विहिरीवर दोन म्हशी पाणी पितात असं कळलं, तेव्हा ते काम दयेत बसलं. मग उपासना आटोपून त्यांनी दिवसभर राबून मोटार भरून दिली, आणि शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवसाला, मोबदला नको म्हणून मजुरी घेतली नाही. झालं! त्या दिवसापासून मिरजगावच्या पंचक्रोशीतल्या मोटारी रविवारीच जळायला लागल्या, आणि प्रत्येकाच्या विहिरीवर दोन म्हशी निघाल्या. मी ओरडलो, “दाजी, लोक तुम्हाला बनवतात.” ते म्हणाले, “मला बनवत्यात, पर म्हशी तर खरंच पानी पित्यात ना?” या माणसाशी काय बोलायचं सांगा.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्यांनी मला त्या दस्तऐवजात ओढलं. त्यांच्याजवळ होती ती जुन्या मिशनरी मराठीतली, कडा वाळवीनं खाल्लेली प्रत. ती नव्यानं टाईप करून हवी होती. दोन पावसाळे मी ते काम करत होतो. पानं झाली की दाजी मिरजगावहून फोन लावायचे आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना म्हणायचे, “सोळाव्या प्रकरणात एक स्वल्पविराम राहिलाय.” कॅन्टोन्मेंटमधल्या एका सुभेदारसाहेबांच्या बदलीच्या अर्जात एकदा ‘पवित्र जनांचा चिकाटीने टिकाव’ असं छापून गेलं, ते याच काळात. लोक मला विचारतात, मग तू ते सगळं वाचलं असशील. नाही. टायपिंगवाला वाचत नसतो. तो अक्षरं बघतो.

आता परीक्षेचं सांगतो, म्हणजे माझा राग कुठला ते कळेल. परीक्षा नगरला, चर्चच्या मागच्या खोलीत, ईस्टर झाल्यावर. शेवटचा प्रश्न सगळ्यांना ठरलेला असतो: हा विश्वासांगीकार तुम्हाला मनापासून मान्य आहे काय? उमेदवार ‘आहे’ म्हणतो, रजिस्टरवर सही करतो आणि सगळे चहाला उठतात. पहिल्या वर्षी दाजी म्हणाले, “हाय. एक कलम सोडून.” सभेतल्या अकरा जणांना हे उत्तर नवीन होतं. कोणतं कलम ते बघावं म्हणून त्यांनी प्रत मागवली, तर चर्चमध्ये प्रतच नाही! राखणदारानं तिन्ही कपाटं उपसली. नाताळचा तारा निघाला, फुटका डफ निघाला, विश्वासांगीकार निघाला नाही. जो दस्तऐवज मनापासून मान्य असल्याची सही प्रत्येकानं केली होती तो अकरांपैकी एकाच्याही घरी नव्हता. शेवटी त्यांनी दाजींचीच प्रत ठेवून घेतली आणि ‘वाचून पुढच्या वर्षी कळवू’ म्हणाले. दुसऱ्या वर्षी वाचन चालू होतं. तिसऱ्या वर्षी प्रत हरवली होती, म्हणून मी दुसरी छापून दिली. मला त्या अकरांचाही राग येत होता, पण जास्त येत होता दाजींचा. इकडे म्हातारी माणसं प्रभुभोजनाची वाट बघत डोळे मिटायला लागली, आणि यांचं एक कलम अडलंय! कोणतं कलम ते मी कधी विचारलं नाही. संतापलेल्या माणसाला तपशील नको असतो. माझी बायको दर वर्षी म्हणायची, “एका सहीनं काय झिजणार आहे त्यांचं?” ताई मात्र या विषयावर एक अक्षर बोलायची नाही, आणि तिचाही मला राग यायचा.

यंदा मी ठरवलं, की आपण स्वतः जायचं आणि मानगुटीवर बसून सही घ्यायची. माळीवाडा स्टँडवरून त्यांना गाडीवर घेतलं. वाटेत चांगलं अर्धा तास सुनावलं. ते मागे बसून “व्हय, व्हय” करत होते. खोलीत मला मागच्या बाकावर बसू दिलं. तासभर प्रश्न झाले. दाजींनी उत्तरं अशी दिली की रागात असूनही मला छाती फुगल्यासारखं वाटलं. मग शेवटचा प्रश्न आला आणि दाजी म्हणाले, “हाय. एक कलम सोडून.” मी कपाळावर हात मारला. पण अध्यक्ष, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते या वर्षी खरोखरच वाचून आले होते. त्यांनी मी छापलेली प्रत उघडली, दहाव्या प्रकरणातलं तिसरं कलम काढलं आणि मोठ्यानं वाचलं. त्याचा अर्थ असा, की तान्हेपणी मरण पावलेल्या लेकरांपैकी जी देवानं निवडलेली असतात ती तरतात. माझ्याच बोटांनी टाईप केलेलं ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“यात तुमची हरकत काय?” अध्यक्षांनी विचारलं.

दाजी उभेच होते. म्हणाले, “साहेब, काही लेकरं निवडलेली म्हनलं की काही न निवडलेली बी आली. आमच्या घरातलं एक लेकरू गेलं. नऊ दिसांची पोर हुती. मातीला मीच उभा हुतो. तिच्या बापानं मला इचारलं, माझी पोर कुठं गेली सांगा. मी म्हनलं, देवाजवळ. निवडलेली असंल तर, असं म्हनलो न्हाई. आता हितं सही केली तर तवा खोटं बोललो असं हुतं, न्हाईतर आता खोटं बोलतोय असं हुतं. दोन्ही मला जमनार न्हाई.”

तो बाप मी. सहा वर्षं झाली. आमची मुलगी नवव्या दिवशी गेली, नाव ठेवायचंही राहिलं. नगरचे पाळक परगावी होते, म्हणून दाजी मिळेल त्या एसटीनं धावत आले आणि ती एवढीशी पेटी त्यांनीच खाली उतरवली. मी त्यांच्या शर्टाला धरून विचारलं होतं. खरं तर भांडलोच होतो, कारण देव समोर नव्हता आणि दाजी होते. हा माणूस, मिठाच्या प्रश्नाचे दोन भाग करणारा, त्या दिवशी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झाला. मी ते उत्तर घेऊन घरी आलो, बायकोला दिलं, आणि आम्ही दोघं त्याच्यावर जगलो. पुढे त्याची आठवणही काढली नाही. दाजींनी मात्र ते उत्तर घेऊन सगळा दस्तऐवज तपासला होता आणि जिथं ते बसत नाही तिथं चार वर्षं पाय रोवून उभे होते, मला एका अक्षरानं न कळवता. ताई गप्प का बसायची तेही आता कळलं.

सभेतले एक वडील समजुतीनं म्हणाले, “अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्हीही केलीच ना सही.” दाजी म्हणाले, “तुमी वाचलं नव्हतं. मी वाचलंय.” दोघा-तिघांनी घड्याळ बघितलं, आणि ते घड्याळ बघणं मला सहन झालं नाही. मी उठलो आणि ओरडलोच. अकरांवर ओरडलो, ज्यांनी ते कलम लिहिलं त्या मेलेल्या गोऱ्या साहेबांवर ओरडलो, की तुमच्यापैकी कुणी नऊ दिवसांचं लेकरू मातीत ठेवलंय का? मग दाजींकडे वळून म्हणालो, “दाजी, करा सही. उत्तर मला दिलं होतं ना? मी तुम्हाला त्यातून मोकळं करतो. मंडळीचा विचार करा.”

दाजींना रागावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. त्यांचा आवाज भिंतीला लागून परत आला. “गप खाली बस! तू कोन मोकळं करनारा? तुला बरं वाटावं म्हनून न्हवतं सांगितलं मी. खरं हाय म्हनून सांगितलं!”

मी खाली बसलो. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. हरकत नोंदवून सही घेता येईल का, हे वरच्या सभेला विचारावं लागेल आणि त्याला वर्ष लागेल, असं ते म्हणाले. दाजींनी सगळ्यांना हात जोडले. चहा न घेता आम्ही बाहेर पडलो. त्यांना गाडीवर स्टँडला आणलं. मिरजगाववरून जाणारी कर्जतची एसटी लागली होती, तिच्यात चढताना ते एवढंच म्हणाले, “आरडलो रं तुझ्यावर. मनात ठिवू नको.”

संध्याकाळी बायकोला सांगितलं. वाटलं होतं रडेल, पण ती रडली नाही. म्हणाली, “किती दिवसांनी कुणीतरी तिच्याबद्दल बोललं.” मग मला दुकानात घेऊन गेली, कॉम्प्युटर लावायला सांगितला आणि ते कलम स्वतः वाचलं, बोट पडद्यावर ठेवून, दोनदा. दर वर्षी एका सहीनं काय झिजणार आहे म्हणणारी ही बाई. खुर्चीवरून उठता उठता म्हणाली, “त्यांना फोन करा. म्हणावं, नका करू सही.”

मी तिथूनच लावला. म्हटलं, “दाजी, ही म्हणते, सही करू नका.” पलीकडे ताई कुणाला तरी गप्प राहायला सांगत होती. मला वाटलं, आता या वाक्याचे दोन भाग होणार. पण ते म्हणाले, “बरं.” आणि मग, “फुडच्या वर्षी परत बोलवत्याल. येशील का रं संगं?”

येतो म्हणालो. मिरजगावच्या मंडळीचा अजून वर्षभर खोळंबा होणार याचा मला संताप आहे, त्या अकरांचा आहे, आणि चार वर्षं मला काहीच न सांगितल्याबद्दल दाजींचा तर आहेच आहे. पण आमच्या पोरीला नाव नाही, फोटो नाही, कुठल्या कागदावर तिची नोंद नाही. वर्षातून एकदा एक माणूस अकरा जणांसमोर उभा राहून ती कुठं आहे ते सांगतो, आणि त्यासाठी पाळकपण सोडून घरी येतो. त्या वेळी मागच्या बाकावर तिच्या बापानं असायला हवं.